लशीतली साखर

"सिस्टर, तुमच्या सुईत साखर हाये!"

गणपतराव दवाखान्याच्या दारातूनच ओरडले. हातात परीक्षानळी. आतलं पाणी विटेसारखं लाल. मागे त्यांची बायको तुळसाबाई, आणि तिच्या मागे अर्धा मोहल्ला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात विणकरांच्या वस्तीतल्या एका छोट्या दवाखान्यात मी नर्स होते. कॉलऱ्याची लस टोचायचं काम सुरू होतं. गणपतराव हातमाग सोडून गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, झालेले. वस्तीत त्यांच्या शब्दाला वजन. त्यांना डायबेटिस होता. सकाळचं इन्सुलिन ते डाव्या दंडावर घेत, म्हणून आदल्या दिवशी मी लस उजव्या दंडावर टोचली होती. त्यांचं पाहूनच बाकीचे आज यायला तयार झाले होते.

तेव्हा घरी शुगर तपासायची म्हणजे लघवी तपासायची. बेनेडिक्ट नावाच्या निळ्या औषधात थेंब टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, केशरी होत होत विटकरी झालं, की भरपूर.

"इतके दिवस निळं येऊन राहिलं होतं," गणपतराव म्हणाले. "तुमी टोचलं अन् हे झालं."

झालं. लोक पोरांना ओढत घरी निघाले.

डॉक्टरसाहेबांनी मला आत बोलावलं.

"सिस्टर, पलीकडच्या गल्लीत जुलाबाचे पेशंट निघालेत. ही वस्ती लस न घेता परत गेली तर?"

"सर, लशीने ताप येतो. तापात शुगर थोडी वाढते."

"थोडी. एवढी नाही. काय खाल्लं विचारा."

विचारलं.

"काहीच नाई! कालपासून अन्नाचा कण नाई पोटात. अंग तापून राहिलं होतं."

"आणि इन्सुलिन?"

"घेतलं ना."

"मग प्यालात काय?"

गणपतरावांनी बायकोकडे पाहिलं.

"तापाच्या माणसाले नुसतं पाणी कसं देऊ, सिस्टर?" तुळसाबाई म्हणाल्या. "ग्लुकोज पाजलं ना मी. गिलासावर गिलास. ताकद येते त्यानं."

"बाई, ग्लुकोज म्हणजे साखरच."

"काहीतरीच! साखरेचा डबा तर मी कुलपात ठेवते."

बोलून उपयोग नव्हता. मी स्पिरिटचा दिवा बाहेरच्या टेबलावर आणला आणि निघालेल्यांना हाका मारल्या. बाटलीत उरलेल्या लशीचे थेंब निळ्या औषधात टाकून उकळले. निळंच. मग तुळसाबाईंना घरून ग्लुकोजचा डबा आणायला लावला. चिमूटभर ग्लुकोज पाण्यात कालवून त्याचे थेंब दुसऱ्या नळीत टाकून तसेच उकळले. क्षणात हिरवं, पिवळं, आणि बघता बघता विटकरी.

तुळसाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे मीच पाजली साखर?" मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अवो, गोड लागत होतं तर बोलायचं नाई?"

गणपतराव खाली बघत पुटपुटले, "किती वर्षांनी गोड लागलं वं तोंडाले. काहून बोलू?"

मोहल्ला असा हसला, की डॉक्टरसाहेब बाहेर आले. मी काही सांगायच्या आत रांग पुन्हा लागली होती. सगळ्यात पुढे तुळसाबाई, बाही वर करून.

ताप उतरला, ग्लुकोजचा डबा शेजारी गेला, आणि गणपतरावांची नळी पुन्हा निळी झाली. वस्तीत त्या वर्षी कॉलरा शिरला नाही.

तेव्हापासून पेशंटला काय खाल्लं एवढंच विचारून मी थांबत नाही. काय प्यालात, तेही विचारते. आणि हा प्रश्न शक्यतो बायकोसमोर विचारते.