तलावावरची मोजणी

सुनेला पोहता येतं हे आम्हाला तिच्या लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं. नातीला उन्हाळी शिबिरासाठी लातूरच्या स्विमिंग टँकवर घातलं होतं. तिला सोडायला-आणायला सून जायची. एक दिवस घरी आली ती केस ओले करून. म्हणाली, "मामा, मीपण नाव घातलं. बायकांची बॅच हाय संध्याकाळची." आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मी म्हणालो, "शिकायला वेळ लागंल." तर म्हणाली, "शिकायचं काय त्यात? देवणीला आमच्या विहिरीत भावांच्या आधी मी उडी टाकायची."

माझा मुलगा नांदेडला नोकरीला, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. सून शिरूर अनंतपाळच्या शाळेत शिक्षिका. मी तेव्हा नुकताच रिटायर झालो होतो. तेहेतीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात काढली होती. हातात काही काम नव्हतं, म्हणून संध्याकाळी स्कूटरवर तिला टँकवर सोडायचं काम मी घेतलं. तिथं बाहेरच्या बाकावर बसून जाळीतून बघायचो. सवय वाईट. तिच्या फेऱ्या मोजायला लागलो, मग घड्याळ लावायला लागलो. पंचवीस मीटरची एक फेरी. साठ फेऱ्या म्हणजे दीड किलोमीटर. पहिल्यांदा तिला सव्वा तास लागला. वर्षभरात एक्कावन्न मिनिटांवर आली. एकदा एकोणपन्नासही झाली. त्या दिवशी येताना आम्ही दोघांनी उसाचा रस घेतला आणि घरी सांगितलं नाही.

घरी सांगायची अडचण होती. बायको माझी वाईट नाही, पण तिला हे पसंत नव्हतं. शाळा, घर, पोरगी, आणि वरून हे पोहणं. सुनेनं ट्रायथलॉनचं काढलं तेव्हा तिनं दोन दिवस तो विषयच टाळला. नांदेडच्या काही डॉक्टर मंडळींचा सायकलींचा ग्रुप होता, त्यांनी स्पर्धा ठेवली होती. अहमदपूरच्या पुढे, नांदेड रस्त्यापासून आत एक साठवण तलाव आहे. तिथं दीड किलोमीटर पोहायचं, मग चाळीस किलोमीटर सायकल, मग दहा किलोमीटर पळायचं. शेवटी बायको म्हणाली, "एकदा होऊन जाऊ दे तुझ्या मनासारखं. मग बस." सून म्हणाली, "हाव. एकदाच."

मोजणीचं काम माझ्याकडे असं आलं. सुनेनं फॉर्म भरताना सहज सांगितलं की सासरे मोजणीत होते. ग्रुपच्या मुख्य डॉक्टरांचा फोन आला. पन्नाशीचा सालस माणूस. म्हणाले, "काका, पाण्यात अंतर नीट पडत नाही. मागे एका ठिकाणी लोक भांडले. तुम्ही लावून द्याल का?"

मी आधी नको म्हणालो. नोकरीत असताना माझा एक नेम होता. आपल्या गावची, आपल्या भावकीची मोजणी घ्यायची नाही. एका बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टात जाताना मी पाहिलेत, आणि मोजणी बरोबर असली तरी मोजणारा कुणाचा पाहुणा निघाला की ती मोजणी मेली. कागदावर काही चूक नसते, पण कुणी ती मानत नाही. हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते हसले. "काका, हे पाणी आहे. यात कुणाचा सातबारा नाही." मग मी हो म्हणालो. खरं तर मलाही जायचं होतं.

आदल्या दिवशी एका ओळखीच्या इंजिनिअरकडून मोजणीचं यंत्र आणलं. धरणाच्या भिंतीवर तिपाई लावली. एक भोई त्याच्या होडीत आरसा लावलेली काठी घेऊन बसला, मी सांगेन तिथं तो थांबायचा आणि मी भिंतीवरून अंतर घ्यायचो. जिथून पाण्यात उतरायचं त्या घाटापासून सरळ सहाशे मीटरवर पहिला पिवळा ड्रम, तिथून आडवं तीनशेवर दुसरा ड्रम, आणि तिथून परत घाटावर सहाशे. दोन्ही ड्रमांना खाली वाळूची पोती बांधली. मी प्रत्येकी दोन पोती सांगितली होती. दुसऱ्या ड्रमला एकच बांधलं गेलं, कारण होडीत तेवढीच मावली आणि दिवस कलला होता. भोई म्हणाला, "एक पोतं लई झालं, साहेब. पाणी निवांत हाय." मी मान हलवली. संध्याकाळी कागदावर लिहिलं, दीड हजार मीटर, आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सुरुवात व्हायची होती. पाणी आरशासारखं होतं. पण उद्घाटनाला यायचे पाहुणे आले नाहीत. लोक पोहण्याच्या कपड्यांत, अंगावर टॉवेल घेऊन घाटावर उभे. पावणेआठला पाहुणे आले, नारळ फुटला, आणि पुरुषांना सोडलं. बोटी दोनच होत्या, त्यामुळे बायकांना नंतर सोडायचं ठरलेलं. पुरुष सगळे बाहेर निघेपर्यंत पावणेनऊ वाजले. तोवर वारं सुटलं होतं. आमच्याकडे ऊन चढलं की उघड्या पाण्यावर वारं येतंच. घाटाकडून आतल्या बाजूला वाहत होतं, म्हणजे जाताना पाठीवर आणि येताना तोंडावर.

अकरा जणी होत्या. पंचावन्न मिनिटांत जी घाटाला लागेल तिनं सायकल घ्यायची, नाही तर तिथंच थांबायचं, असा नियम. सुनेनं मला भिंतीवर बघून हात केला आणि पाण्यात उतरली.

मी यंत्राच्या दुर्बिणीतून तिची लाल टोपी बघत होतो. पहिल्या ड्रमला ती चौथी होती. आडवं पोहताना दिसेना म्हणून मी दुर्बीण दुसऱ्या ड्रमकडे वळवली, काल लिहिलेल्या कोनावर. तिथं ड्रम नव्हता. यंत्र फिरवत गेलो तेव्हा सापडला, बराच आत. शेजारी सुरक्षेची बोट होती. बोटीतल्या माणसांनी बोट एका जागी राहावी म्हणून तिचा दोर ड्रमला बांधला होता. वारं बोटीला ढकलत होतं, बोट ड्रमला ओढत होती, आणि खालचं एकुलतं पोतं चिखलावरून घसरत चाललं होतं. किती सरकलं ते एका कोनावरून सांगता येत नव्हतं. सरकलं एवढं नक्की.

मी भिंतीवरून उतरून घाटावर गेलो. डॉक्टर हातात घड्याळ घेऊन उभे होते. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, दुसरा ड्रम सरकून राहिला. आत गेला. बायकांना जास्त पोहायला लागतंय."

"किती?"

"ते आत्ता नाही सांगता येणार. पण बरंच आहे. वेळ वाढवून द्यायला पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, उलट समजूत घातल्यासारखं बोलले. "काका, सूनबाई पाण्यात आहेत, म्हणून तुम्हाला काळजी वाटणार. काळजी करू नका. बोट आहे तिथं."

एवढंच. आजूबाजूला आठ-दहा माणसं होती, त्यांनीही ऐकलं होतं. तेहेतीस वर्षांत कुणी मला तू आपल्या माणसासाठी बोलतोस असं म्हणालं नव्हतं. मी म्हणायला हवं होतं की सून बाजूला ठेवा, अकरा बायका आहेत, चला भिंतीवर आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मी म्हणालो, "हो, तसंच असंल." आणि बाजूला झालो.

आठ जणी वेळेत आल्या. त्यातल्या बहुतेक पुण्या-औरंगाबादकडच्या, सरावाच्या. सून यायला लागली ती लाटा तोंडावर घेत. श्वासासाठी मान वळवली की पाणी तोंडात जात असावं, कारण मध्येच थांबायची, खोकायची, परत सुरू करायची. घाटावरच्या माणसानं पंचावन्न झाल्याची शिट्टी दिली तेव्हा ती साठ-सत्तर मीटरवर होती. तिला ते कळलं नाही. घाटाला लागून पळतच सायकलीकडे निघाली. एका मुलीनं तिला हातानं अडवलं. वेळ अठ्ठावन्न मिनिटं. तिच्यामागून आणखी दोघी आल्या, एक नांदेडची पोलीस शिपाई आणि एक कॉलेजातल्या प्राध्यापक बाई. त्यांनाही थांबवलं.

सून टॉवेल पांघरून सायकलीशेजारी खाली बसली. रडली नाही. मी गेलो तेव्हा वर बघून म्हणाली, "मामा, दुसरा ड्रम लांब गेला होता का?"

मी म्हणालो, "पाण्यातून अंतर लांबच वाटतं."

हे मी का म्हणालो त्याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. घाटावर एकदा गप्प बसल्यावर पुढचं खोटं आपोआप आलं. सही माझी होती, हेही होतंच.

घरी बायकोनं विचारलं, कसं झालं. सून म्हणाली, "नाही जमलं." बायको म्हणाली, "जाऊ दे. हौस फिटली ना?" आणि वाढायला घेतलं. त्या दिवशी बायको तिच्याशी फार मायेनं वागली, आणि मला जेवण गेलं नाही.

ड्रम दोन दिवसांनी काढणार होते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी घरात अहमदपूरला काम आहे म्हणून सांगितलं, यंत्र घेतलं आणि एसटीनं गेलो. भोई भेटला. त्याला होडीतून ड्रमापाशी पाठवलं आणि भिंतीवरून माप घेतलं. तीन वेळा घेतलं. एकूण सोळाशे बेचाळीस. सून दर शंभर मीटरला सव्वातीन-साडेतीन मिनिटं घेते. जास्तीचे मीटर वजा केले तर वाऱ्यासकट, खोकल्यासकट ती वेळेत येत होती. बाकी दोघींचं मला सांगता येत नाही. शिपाई बाई बहुधा आल्या असत्या.

तो कागद मी अकरा दिवस कपाटात ठेवला. मग डॉक्टरांना पत्र लिहिलं, सगळं लिहिलं, एक पोतं बांधलेलं बघूनही मी गप्प बसलो तेही. त्यांचा फोन आला. त्यांना वाईट वाटलेलं आवाजावरून कळत होतं. म्हणाले, "काका, निकाल आता बदलता येत नाही. सगळ्यांनी तेच पाणी पोहलं, असं कमिटी म्हणते."

"पुरुषांनी नाही पोहलं ते पाणी," मी म्हणालो.

ते म्हणाले, "तेव्हा तुम्ही जोर लावून बोलला असता तर मी वेळ वाढवला असता." मग म्हणाले की तिघींना कळवतो, पुढच्या वर्षी त्यांना फी न घेता प्रवेश देऊ.

शिपाई बाईंनी माझा नंबर मिळवून फोन केला. शिव्या देतील असं वाटलं होतं. शांत होत्या. "साहेब, मी ठाण्यात सगळ्यांना सांगून गेले होते. आल्यावर लई हसले. आता हे पत्र दाखवून काय करू? ती माणसं असले कागद वाचणारी थोडीच हायेत." मी माफी मागितली. "बरं," म्हणाल्या आणि ठेवून दिला.

डॉक्टरांचं तसंच पत्र घरी पोचण्याआधी सुनेला आपण सांगावं म्हणून त्याच संध्याकाळी तिच्यासमोर बसलो. ती नातीचा अभ्यास घेत होती. नातीला आत पाठवून मी मापाचा कागद पुढं ठेवला. तिनं वाचला. मग हातातलं घड्याळ काढलं, ते फिरवून-फिरवून त्या दिवसाची नोंद काढली आणि माझ्यासमोर धरलं. तिचं घड्याळ उपग्रहावरून अंतर दाखवतं. त्यात सोळाशे सत्तर होतं.

"पाण्यात हे थोडं चुकतं," ती म्हणाली. "पण एवढं नाही चुकत."

"मग तू बोलली कामून नाहीस?"

"माझं घड्याळ कोण मानणार होतं, मामा? मोजणी तुमची होती. मी तुम्हाला विचारलं होतं की." तिनं घड्याळ परत हातात घातलं. "तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली."

मी डॉक्टर काय बोलले होते ते सांगितलं, माझा नेम सांगितला. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी तुमची सून नसते तर तुम्ही बोलला असता."

मी हो म्हणालो. तिनं कागद घडी घालून परत दिला आणि नातीला हाक मारली.

पुढच्या वर्षी तिला प्रवेशाचा मेसेज आला, तिनं घेतला नाही. मी एकदाच म्हणाले होते, असं तिनं माझ्या मुलाला सांगितलं. बायकोनं या वेळी स्वतःहून जा म्हटलं, तरी नाही. टँकवर अजून जाते, पण स्वतःची स्कूटी घेऊन. माझ्याशी बोलणं-चालणं सगळं नीट आहे. चहा वेळेवर, औषधं वेळेवर. बाहेरच्या माणसाला काही कळणार नाही.

डॉक्टरांनी मोजणीला मलाच बोलावलं. मी सुनेला विचारलं, जाऊ का? "जा की. तुमच्याइतकी नीट कोण करतं?" म्हणाली. तिरकं बोलली नाही, आणि ते जास्त लागलं. मी गेलो. प्रत्येक ड्रमला चार पोती बांधून घेतली, बोटीला वेगळा नांगर दिला. बायकांना उजाडताच आधी सोडलं आणि मग पुरुषांना. वेळेत न आलेली एकही बाई नव्हती. शिपाई बाई दिसल्या नाहीत.

दुपारी घरी आलो तेव्हा सून ओसरीत चाचणीचे पेपर तपासत बसली होती. मी सांगितलं, सगळ्या आल्या.

"वारं होतं का?" तिनं विचारलं.

"नव्हतं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पुढचा पेपर घेतला.