चांगूआजीने लावलेली लग्नं

आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा आधी संपला तरी कोणी उठत नाही, कारण माझ्याकडे चांगूआजीचा एखादा नवा किस्सा असतोच. नवा नसला तर जुना पुन्हा सांगायला लावतात. परवा शेजारच्या टेबलावरची शिल्पा म्हणाली, "अगं, लिहून ठेव कुठेतरी. उद्या तू नोकरी सोडलीस तर आमच्या घशाखाली पोळी कशी उतरायची?" म्हणून बसले लिहायला.

चांगूआजी म्हणजे माझी आजेसासू, चांगुणाबाई. वय विचारलं की ती सांगते, "खाडीला बांध नवता तवा मी नांदाला आली." त्यावरून ज्याने त्याने काय तो हिशेब करावा. नव्वदीच्या पुढे आहे एवढं नक्की. उरणकडच्या आमच्या आगरी गावात ती धवलारीण, म्हणजे धवले गाऊन लग्न लावणारी बाई. मांडव घालण्यापासून हळद लागेपर्यंत प्रत्येक कामाला एक धवला, आणि तो म्हणून झाल्याशिवाय पुढचं काम हलत नाही. गावातल्या तीन पिढ्यांची लग्नं तिनेच लावलीत.

मी साताऱ्याकडची. द्रोणागिरीत एका गोदामाच्या ऑफिसात कंटेनरचे कागद करते. तिथेच नितेश भेटला, आणि त्याच्यामागून ही आजी.

* * *

आमचं लग्न रजिस्टर. दोन्ही घरची तोंडं वाकडी, मग काय करणार? सही केली, पेढे खाल्ले आणि संध्याकाळी गावातल्या घरी गेलो. सासूबाई धड बोलेनात. आजीने मात्र ताटात तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढलं, मी पोटभर जेवेपर्यंत समोर बसून राहिली आणि मग हळूच विचारलं, धवला कोणी म्हटला? मी म्हटलं, कोणीच नाही.

"मंग लगीन झाला नाय."

हे ती रागाने म्हणाली नाही. सातबारा वाचून दाखवावा तसं म्हणाली. त्या दिवसापासून गावात, बसस्टॉपवर, कोणाच्याही हळदीत ती माझी ओळख करून द्यायची, "ही आमचे नितेशची होनारी बायको." लोक हसायचे. मीही हसायचे.

दुसऱ्या वर्षी माझं बाळंतपण झालं. नर्स बाहेर येऊन विचारायला लागली, पेशंटचे नातेवाईक कोण? आजी उठली आणि भरल्या कॉरिडॉरमध्ये म्हणाली, "मी. आमचे होनारे सुनेला पोरगा झाला." नर्सने मागे वळून स्ट्रेचरवरच्या माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

* * *

पुढे आम्ही द्रोणागिरीत फ्लॅट घेतला. गावापासून दहा मिनिटांवर. आजी पहिल्यांदा आली तेव्हा गेटवरच्या वॉचमनने रजिस्टर पुढे केलं आणि विचारलं, "कोणाकडे?"

आजीने काठी टेकली आणि मान वर करून बिल्डिंग खालपासून वरपर्यंत बघितली. आमची सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी तिचं भाताचं खाचर होतं. मिठागराचं काम संपलं की ती तिथे लावणीला उभी राहायची. नितेशचे वडील त्याच बांधावर रांगले.

"मी माजे शेतान आली," ती म्हणाली. "तू कोनाकडं आलास?"

वॉचमन जौनपूरचा. त्याला अर्धंच कळलं असावं, पण त्याने रजिस्टर मिटलं आणि खुर्ची दिली. अजूनही आजी आली की तो उठून उभा राहतो. आम्ही मेन्टेनन्स भरतो, आमच्यासाठी नाही उठत.

* * *

एकदा कॉलेजच्या दोन मुली धवले रेकॉर्ड करायला आल्या. गोड पोरी. चटईवर बसल्या, मोबाइल मधे ठेवला आणि म्हणाल्या, आजी, म्हणा.

आजीने विचारलं, "लगीन कोनाचा हाय?"

लग्न कोणाचंच नव्हतं. आणि लग्नाशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही, हा तिचा नेम. बिनलग्नाचा धवला म्हटला की कुणाच्या तरी घरचं मोडतं, असं ती मानते. मुलींनी विनवलं, एकच म्हणा, अर्धा म्हणा. आजी ढिम्म. शेवटी तीच म्हणाली, "तुमचेत कोनाचा जमलाय कं?" एकीचंही जमलेलं नव्हतं. त्या रेकॉर्डिंग न घेताच गेल्या, पण जाताना एकीच्या वहीत आजीने शेजारच्या गावातल्या एका मुलाचं नाव लिहायला लावलं.

दीड वर्षाने ती मुलगी पत्रिका घेऊन आली. मुलगा तोच! लग्नात तिने आजीच्या पुढ्यात मोबाइल ठेवला आणि एकदाचे सगळे धवले रेकॉर्ड झाले. आता ते ऐकले तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त डीजेवाला ऐकू येतो, "हॅलो, चेक, चेक."

* * *

त्या डीजेवरून हसू येतं खरं, पण त्याच रात्री आजी घरी आली आणि मी तिचे पाय चेपायला बसले. मधेच ती म्हणाली, "मी गेली का धवला कोन बोलंल गं?"

मला एकदम भीती वाटली. तोवर ती मरेल असा विचारच माझ्या डोक्यात आला नव्हता. सासूबाईंचा आवाज चार ओळींत बसतो. नणंद महापेला आयटीत, तिला दिवस-रात्रीच्या शिफ्टमधून मान वर करायला होत नाही. गावातल्या पोरींना धवले म्हणजे जुनं काहीतरी वाटतं. म्हातारी गेली की हे सगळं तिच्याबरोबर जाणार, हे मला तिच्या पायाशी बसून कळलं.

तिने तिची गोष्ट सांगितली ती त्याच रात्री. नांदायला आली तेव्हा तिची सासू धवलारीण. ती लग्नालग्नाला बरोबर न्यायची, शेजारी बसवायची. शिकवणं असं काही नाही. सुनेने चूक केली की सासू मुठीतल्या तांदळाचे चार दाणे तिच्या अंगावर फेकायची. सात वर्षं दाणे खाल्ले. "आनि मंग एकदा माजे सासूनं माजे पदरान तांदूल बांदलं. तवापासना मी बोलतंय."

मी म्हटलं, मला शिकवा. मी शिकते.

आजीने माझ्याकडे बघितलं. "तू? तुजा तं अजून लगीन नाय झाला."

* * *

तर मुद्दा असा, की धवला शिकायचा तर आधी धवल्याने लग्न झालेलं पाहिजे. मी ऑफिसात रजेचा अर्ज टाकला. कारण : स्वतःचे लग्न. एचआरच्या मॅडमनी बोलावून घेतलं, दार लावलं आणि खूप हळू आवाजात म्हणाल्या की सिस्टिममध्ये तुम्ही मॅरिड दिसताय, काही झालंय का घरी? मी म्हटलं, नाही, सगळं छान आहे. मग मुलगा कोण? मी म्हटलं, तोच.

साताऱ्याहून आई-अण्णा आले. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, राग केव्हाच निवला होता. हळद लागली, आजीने सगळे धवले म्हटले, एकही गाळला नाही. आमचा स्वराज दुसरीत होता. करवला म्हणून तोच बापाच्या मागे उभा. दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी विचारलं, काल का नाही आलास? त्याने सांगितलं, आईबाबांचं लग्न होतं. मग बाईंचाही मला फोन आला.

मांडवात आजी माझ्या आईला म्हणाली, "आथा पोर तुमची सुटली." आई रडायला लागली. मीसुद्धा रडले. नऊ वर्षं मी ज्याला गंमत म्हणत होते, ते माझ्यासाठी गंमत उरलं नव्हतं.

* * *

मग शिक्षण सुरू झालं. पण वर्षात गावात लग्नं किती? त्यातली निम्मी हॉलमध्ये, आणि हॉलवाल्याला घाई. आजीने तोड काढली. माणसांची लग्नं नसतील तर बाकीच्यांची लावू. त्या वर्षी आमच्या आळीतली एकही तुळस बिनलग्नाची राहिली नाही. नव्याने मोहोर धरलेल्या आंब्याचंही लग्न लागलं.

त्याच सुमारास सोसायटीत पाण्याची नवी टाकी बांधली. आजीने सेक्रेटरी साळवीकाकांना बजावलं, नवी विहीर बांधली की तिचा लगीन लावतान, नाय तं पानी टिकत नाय. काका तळकोकणातले, त्यांना पटलं. त्यांनी नोटीस बोर्डावर रीतसर लिहिलं, रविवारी सकाळी दहा वाजता बी विंगच्या टाकीचे लग्न, सर्व सभासदांनी उपस्थित राहावे. पंपाच्या मोटरला मुंडावळ्या बांधल्या. मी गायला लागले, आणि मोजून सातव्या ओळीला माझ्या नाकावर तांदूळ बसले. आजीची नजर अधू, नेम मात्र पक्का. सोसायटीला वाटलं अक्षता पडल्या, त्यांनीही टाकल्या.

दुसऱ्या दिवसापासून पाणी फोर्सने आलं. आठवड्याने सी विंगवाले दारात हजर. आमचं कधी?

* * *

या थंडीत आजीला खोकला धरला तो गेलाच नाही. आवाज बसला. डॉक्टरांनी सांगितलं, बोला, पण गाऊ नका. आणि मार्चमध्ये माझ्या धाकट्या दिराचं लग्न, घरच्या अंगणात मांडव.

हळदीच्या सकाळी आजी नऊवारी नेसून मांडवात येऊन बसली. गावातल्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिने माझ्याकडे बघून नुसती हनुवटी हलवली आणि सुपातले तांदूळ मुठीत घेतले.

मी सुरू केलं. पहिला धवला गेला, दुसरा गेला. डीजेवाल्याला सासूबाईंनी स्वतः जाऊन गप्प केलं होतं. एका ठिकाणी माझी ओळच पुसली गेली. मी आजीच्या मुठीकडे बघितलं, डोळे मिटले आणि पुढची ओळ उचलली. दाणे आले नाहीत. वाटलं, झोप लागली असेल. पण तिचे डोळे टक्क उघडे होते. शेवटचा धवला संपला, दिराला हळद लागली, बायका उठल्या. मूठ तशीच बंद.

मी जाऊन तिच्या पायाशी बसले आणि विचारलं, बरोबर झालं का सगळं?

"तीन जागी चुकलीस," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

मी म्हटलं, मग मारले का नाहीत दाणे?

आजीने माझा पदर ओढला, मूठ त्यात रिकामी केली आणि गाठ मारली. गाठ घट्ट बसली का ते दोनदा ओढून बघितलं.

"ऊठ," ती म्हणाली. "मानसा जेवाची थांबल्यान."