म्हसोबाला प्रदक्षिणा, तीही गाडीवरून

हे बघा, हसायचंच असेल तर चहा आधी संपवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एका मित्राच्या नाकातून चहा आला आणि थेट माझ्या सदऱ्यावर! फजिती माझी झाली होती हो, सदऱ्याचा काय गुन्हा?

तर माझ्याकडे एक गाडी आहे. साडेतीनशे सीसीची, काळी, अंगानं भरलेली. वाशिमच्या डांबरी रस्त्यावरून निघाली की लोक मान वळवून बघतात. माझ्याकडे नाही, गाडीकडे! पण आमचं शेत पडलं अनसिंगच्या पुढे, पांदण रस्त्यानं आत. पावसाळ्यात त्या पांदणीत काळ्या मातीचा असा राडा होतो की माणूस पाय उचलतो आणि चप्पल तिथेच राहते. दर पावसाळ्यात गाडी त्यात रुतायची, आणि दर वेळी आमचे बाबा बांधावर उभे राहून ओरडायचे.

"इकून टाक हे धूड! कायच्या कामाचं हाय? दूध देते का वखर वढते?"

यंदा श्रावणात तर त्यांनी निकालच लावला.

"पुढच्या हप्त्यात निंदणाले बाया येऊन राह्यल्या. मी सकाऊनच शेतात जाईन. तू ह्या गाडीवर माही भाकर घेऊन ये. न रुतता, न ढकलता, भाकर गरम असताना आला तं गाडी तुही. नाही तं पोळ्याच्या आधी गिऱ्हाईक पाहतो!"

गिऱ्हाईक? माझ्या गाडीला? अहो, वंदनाला, म्हणजे माझ्या बायकोला, लग्नानंतर पहिल्यांदा फिरवून आणलं ते याच गाडीवर. जीव असा तुटला म्हणून सांगू!

मग काय, मोबाईलवर व्हिडिओ बघायला बसलो. परदेशातली माणसं अशाच जड गाड्या उंच करून डोंगर-नाल्यातून उडवत होती. ठरलं! गाडी घेऊन गेलो सलीमभाईच्या गॅरेजवर.

"रोडची गाडी हाय ना भाऊ," सलीमभाई म्हणाला. "इले चिखलात काहून नाचवता?"

"तुम्ही फक्त उंच करा. चिखल खालून गेला पाहिजे आणि मी वरून!"

भल्या माणसानं लांब शॉकअप टाकले. चिखलात पकड घेणारे, जाड गुट्ट्यांचे बटनाचे टायर चढवले. माती अडकू नये म्हणून मडगार्ड वर उचललं, सायलेन्सर कमरेपर्यंत आणला, इंजिनखाली जाड पत्रा ठोकला. आणि मी बाजूला उभा राहून एकच म्हणतोय, "अजून उंच!"

"भाऊ, एकदा बसून तं पाहा."

"बसून काय पाहायचं? रोजच बसतो मी!"

इथंच माती खाल्ली. माझी उंची किती, हे मी बसलेला असताना तुम्हाला दिसत नसलं तरी सांगतो. लग्नाच्या फोटोत मी पाटावर उभा आहे. वंदना घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो पाट बोट ठेवून दाखवते.

तर गाडी तयार झाली. गॅरेजच्या ओट्याला लावली होती, ओट्यावरूनच बसलो आणि निघालो. काय ती ऐट! गावापर्यंत कुठे थांबायची वेळच आली नाही. घरासमोर वेग कमी केला आणि पाय खाली सोडला. पाय खाली गेला. अजून खाली गेला. जमीन काही येईना! कसाबसा पुढे सरकलो आणि आमच्या ओट्यावर पाय टेकला म्हणून वाचलो. साइड स्टँडसुद्धा बिचारा हवेतच लोंबत होता.

सलीमभाईकडे परत जायला वेळ कुठला? तण काढायचं निंदण तर दुसऱ्याच दिवशी होतं. बाबांना कळलं असतं तर त्यांनी संध्याकाळीच गिऱ्हाईक आणलं असतं. सांगितलं ते फक्त वंदनाला.

"मंग शेतात थांबसान कसे?" तिनं विचारलं.

"म्हसोबा आहे ना!"

आमच्या शेतात निंबाखाली म्हसोबाचा दगडी ओटा आहे. भोवती गोल मुरूम टाकलेला, तेवढीच जागा कडक. तिथं जायचं, ओट्यावर पाय टेकायचा, आरामात उतरायचं. आहे की नाही डोकं?

सकाळी घरच्या ओट्यावरून स्वार झालो. पायात गमबूट, हँडलला गरम भाकरीचा डबा. आणि खोटं नाही सांगत, गाडी त्या पांदणीतून अशी गेली, अशी गेली की मी आनंदानं आरोळ्या ठोकल्या. चिखल खालून आणि मी वरून!

शेतात पोचलो तर बाया निंबाजवळच पाणी प्यायला बसलेल्या. बाबा कपाळावर हात धरून बघतायत. मी मुरमावर चढलो, ओट्याजवळ आलो, उजवा पाय उचलला आणि एकदम आठवलं. पायात बूट आहे! चिखलानं माखलेला! देवाच्या ओट्यावर बुटाचा पाय ठेवायचा? आणि तोही बाबांसमोर? छे!

म्हटलं, एक चक्कर मारू, तोवर बूट काढू. मुरूम सोडून जाता येत नव्हतं, पलीकडे भिजलेली काळी माती. तिथं रुतलो की गाडी गेली! म्हणून ओट्याभोवतीच फिरलो. ओटा उजव्या हाताला, म्हणजे नेमकी प्रदक्षिणेची दिशा.

"अवं बाई, बूट काढून राह्यला!" बायांची मुकादम कांताबाई उभीच राहिली. "नवस हाय वाटते! प्रदक्षिणा घालून राह्यला!"

"गाडीवरून?" दुसरीनं विचारलं.

"मंग? आता समदे देवाले गाडीवरूनच तं जाते!"

इकडे बूट निघेना. मी पाय झाडतोय, झाडतोय, इंजिनानं सगळं अंग थरथरतंय. शेवटी ओरडलो, "धरा! अवो, धरा मले कोणी!"

"आलं! अंगात आलं!"

झालं! बायांनी पदर डोक्यावर घेतले. बाबा मला धरायला धावले, तर कांताबाई आडवी.

"हात लावू नका काकाजी! देव हाय त्याच्यात!"

आणि ज्या बाबांनी आयुष्यात माझं एक वाक्य पूर्ण ऐकून घेतलं नाही, त्यांनी टोपी काढली आणि माझ्यापुढे हात जोडले! सांगा, अशा वेळी मुलानं काय करावं? मी पुढची चक्कर मारली.

कांताबाईनं ओटी पसरून संधी साधली. "देवा, माह्या पोरीचं लगन कवा जमन?"

"मले थांबता येत नाही!" मी बोंबललो.

"थांबत नाही म्हंते! यंदाच जमते!"

तेवढ्यात बूट सुटला. हवेत गेला आणि पडला नेमका कांताबाईच्या ओटीत. तिनं तो कपाळाला लावला हो! चिखलासकट!

मी घाईघाईनं अनवाणी पाय ओट्यावर टेकला. पण ओट्यावर तेल-शेंदूर ताजा. पाय सर्रकन घसरला आणि मी म्हसोबापुढे पालथा. हात पुढे पसरलेले, नाक शेंदरात. गाडी हातभर पुढे जाऊन निंबाला टेकली आणि बंद पडली. तिला ओरखडासुद्धा नाही.

"घ्या! दंडवत बी घातला!"

मी नाक पुसत उठलो. म्हटलं, आता खरं सांगून टाकावं. "बाबा, अंगात-बिंगात काही नाही. गाडी लय उंच झाली. माहे पाय जमिनीले पुरून नव्हते राह्यले!"

कांताबाई बाकीच्यांकडे वळली. "ऐका! देव आल्यावर पाय जमिनीले लागतीन कसे?"

बाबांनी डबा उघडला. भाकर गरम होती. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. "गाडी इकायची नाही," ते म्हणाले.

गाडी वाचली! मला तर नाचावंसं वाटलं. "मंग उद्याच सलीमभाईकडून तिची उंची कमी करून आणतो!"

"खबरदार! देव बसला त्या गाडीले पाना लावतं?"

त्यात कांताबाईच्या पोरीचं लग्न खरंच जमलं. मग तर विषयच संपला. आता गाडी आमच्या ओट्याला टेकून उभी असते. टाकीवर शेंदराचा टिळा, हँडलला हार. शनिवारी बाया येऊन उदबत्ती लावतात. तिच्यावर बसायचं नाव काढलं की बाबा माझ्याकडे असं बघतात की मीच मुकाट्यानं हात जोडतो.

आणि भाकर? भाकर रोज मीच नेतो. त्याच पांदणीतून, त्याच चिखलातून, पायी. परवा निघताना जरा कुरकुरलो, तर वंदनानं डबा हातात दिला आणि म्हणाली,

"जा ना पायीच. निदान पाय तं पुरतात!"