साहेबाच्या बाटलीतलं दूध

कळसाडीच्या दगूबाईच्या हाताला चिकटपणा ठाऊकच नव्हता. पाहुणा बोहारीण असो की मामलेदार, त्याच्या वाटीत पातळ दूध पडलं तर बाईला चैन पडायचं नाही. गुजर पाटलाचं खातंपितं घर, कापूस-केळीची शेती, गोठ्यात दुभती जनावरं. मिरवायची हौसही होतीच, उगाच कशाला खोटं बोला!

अशा घरी एकसष्ट साली मुंबईहून एक सरकारी साहेब आला. ओट्यावर बसून त्यानं सगळं समजावून सांगितलं. लांबच्या देशांत अणुबाँबच्या चाचण्या चालल्यात. त्यांची धूळ आभाळातून फिरते, पावसाबरोबर गवतावर उतरते, गवतातून दुधात येते आणि दुधातून लेकरांच्या हाडांत जाऊन बसते. त्यानं पुढं कॅन्सर होतो का, किती जणांना होतो, हे वीस-तीस वर्षांनी कळणार. म्हणून आजपासून मोजायचं आणि पोरांवर नजर ठेवायची.

"रानात चरणाऱ्या गाईचंच दूध द्या, बाई. आमचा माणूस दर महिन्याला येऊन बाटली नेईल."

दगूबाईनं मान डोलावली. साहेबाची पाठ वळली मात्र, ती नवऱ्याला म्हणाली, "त्या मरेल गायनं पातय दूध सरकारले देवानं का? गावनं नाक कापाई जाई!"

रूपचंद पाटील हसला. "मंग तुन्ही लाडकी म्हैसनं दे."

झालं! बाटलीत म्हशीचं दाट दूध जाऊ लागलं. ते उकळून साहेब लोक पितच असणार, अशी बाईची पक्की समजूत. रानात चरणाऱ्या गाईचं दूध घरात कुणाला आवडेना, ते रोज लोटाभर सालदार गडी वीरसिंगच्या झोपडीत जायचं.

त्रेसष्ट साली साहेब परत आला. दगूबाईच्या अंगणात गाव जमलं. साहेबानं तिला हार घातला आणि सांगितलं, "एवढ्या गावांत तुमचं दूध सगळ्यांत स्वच्छ निघालं. आता इथून बाटली न्यायला नको, इथल्या पोरांवर नजर ठेवायचीही गरज नाही." टाळ्या पडल्या. "गाईला चारता तरी काय, बाई?"

दगूबाई फुलून गेली. "गाय कसानी, सायेब! मन्ही म्हैस शे ती. गोठाना बाहेर पाय टाकस नही. मांगला सालना कडबा नि सरकीनी पेंड खाऊ घालस मी तिले, छपराखालेच!"

साहेब बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, तिच्या तोंडाला पावसात भिजलेलं गवत लागलंच नाही. दोन वर्षं आम्ही काहीच मोजलं नाही. ते गवत आता कुठून आणू?"

दगूबाईला आधी काही उमगेना, मग एकदम उमगलं, आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. भल्याभल्यांना दूध पाजणारी बाई, आणि केलं काय तर सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली!

"मग गाईचं दूध कोण पीत होतं?" साहेबानं विचारलं.

तिनं रूपचंदाकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता.

गोठ्याच्या दाराशी शेणाची पाटी घेऊन वीरसिंगची बायको धनुबाई उभी होती. तिला वाटलं, पाटलीणबाईवर काहीतरी बालंट येतंय. मालकिणीची बाजू घ्यायला ती पुढं झाली.

"आम्हना पोऱ्हे पेतस, सायेब. तिन्ही पोऱ्हे. पाटलीन माय रोज लोटाभर देस. दुसरं कोन देस आम्हले?"

साहेबानं डोळे मिटले. पोरांना काही होईलच असं नाही, असं तो काहीतरी पुटपुटला. कुणाला ऐकू गेलं, कुणाला नाही.

धनुबाईनं पाटी खाली ठेवली, पदराआड लपलेल्या धाकटीला पुढं ढकललं आणि म्हणाली, "मायना पाय पड."

पोर वाकली. दगूबाईनं चटकन दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले.