रेडिओवरून लागलेली हळद

उल्हासनगरात, शहाडच्या बाजूला, आमचं छोटंसं रेडिओ केंद्र आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि स्टुडिओ म्हणजे जेमतेम स्वयंपाकघराएवढी खोली. आमचा आवाज बदलापूरच्या अलीकडे कुठेतरी दमतो, पुढे नुसती खरखर. तिथे मी चार वर्षं रोज साडेपाचला एकच काम केलं, पाण्याची सूचना वाचायची. जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात दुरुस्ती आहे, उद्या अमुक भागात पाणी येणार नाही, नागरिकांनी सहकार्य करावे. संपलं. बाजारात भाजीवाली माझ्या आवाजावरून मला ओळखायची आणि विचारायची, "ताई, उद्या पानी हाय ना?" मी भयंकर चिडायचे. अहो, मी काय टाकीवर बसते का?

शेवटी केंद्रप्रमुख बाईंच्या मागे लागून लागून मी पाच ते साडेपाचचा एक कार्यक्रम मिळवला. थेट प्रक्षेपण, आसपासच्या गावांतली माणसं आणि त्यांची कला. पहिल्याच आठवड्यात पाहुणा जिन्यावरूनच परत गेला. दुसऱ्या आठवड्यात पाहुणा आला, पण माइक बघून त्याची वाचाच बसली. दोन्ही वेळा धून लावावी लागली. ही धून म्हणजे आमच्याकडे अडीअडचणीला ठेवलेलं बासरीचं रेकॉर्डिंग. ती वाजली की अंबरनाथपर्यंत सगळ्यांना कळतं, रेडिओवर कोणीतरी माती खाल्ली. बाई म्हणाल्या, "तिसऱ्यांदा धून लागली तर कार्यक्रम बंद. तू आणि तुझं पाणी."

म्हणून तिसऱ्या वेळी मी पक्की तयारी केली. पालेगावात एक धवलारीण राहतात. लग्नात भटजींच्या आधी यांचा मान. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, यांना तोंडपाठ. आता तिथे टॉवर उठलेत आणि हळदीला डीजे येतो, त्यामुळे यांना बोलावणी कमी. मी घरी गेले, दोन तास बसले, तीनदा चहा झाला. गाऊन दाखवा म्हटलं तर हसल्या. "तवा गाईन, आता कशाला?" मला वाटलं, लाजतायत.

मंगळवारी पावणेपाचला त्या तीन मजले चढून आल्या. नवी कोरी साडी, कपाळभर कुंकू, हातात पिशवी. पिशवीत तांदूळ, सुपारी, हळकुंड. मला वाटलं, आमच्यासाठी काही प्रसादबिसाद आणलाय. इथेच मी गाढव ठरले.

लाल दिवा लागला. मी जोरदार ओळख करून दिली आणि म्हटलं, "तर आजी, ऐकवा हळदीचा धवला."

त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग मला विचारलं, "नवरी खय हाय?"

"नवरी?"

"लगीन कोनाचा हाय गो बाय? नवरा-नवरीचा नाव घेतल्याबिगर धवला कसा गाऊ? वाऱ्याचा लगीन लावू काय?"

हे सगळं थेट रेडिओवर चाललेलं! मी कुजबुजले, "आजी, नुसतं नमुन्यादाखल दोन ओळी." त्या ताठ झाल्या. देवांना आवतण देऊन बोलवायचं आणि मांडवात कुणीच नाही, असलं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं आणि माझ्यासाठी करणारही नव्हत्या. त्यांचंही बरोबर होतं. लग्न नसताना धवलारणीला कोण बोलावतं? मी 'गायला या' म्हटलं, त्यांनी धरलं की मांडव असणार.

काचेपलीकडे आमचे साउंडवाले बसले होते. सिंधी गृहस्थ, अतिशय शांत, उल्हासनगरच्या कॅम्प भागात रेडिओ दुरुस्त करता करता इथे आलेले. त्यांचं बोट धुनेच्या बटणावर होतं आणि भुवया वर. लावू का? त्यांच्या मागे बाई, हाताची घडी घालून. उद्यापासून परत नागरिकांनी सहकार्य करावे!

मी जोरात मान हलवली, नाही म्हणून. आणि तोंडाला येईल ते बोलत सुटले. "मंडळी, धवलारीणबाई तयार आहेत, पण आमच्याकडे नवरी नाही. लग्नसराई आहे, आत्ता कुणाच्या घरी हळद असेल तर ताबडतोब फोन करा!"

फोन वाजला. मी देवाचं नाव घेऊन उचलला.

"ताई, उद्या पानी येनार का?"

साउंडवाले हसून टेबलावर आडवे. मी दात आवळून म्हटलं, "साडेपाचला सांगते," आणि ठेवला. परत वाजला. या वेळी मागे नुसता गलका, आणि एक बाई ओरडून बोलत होत्या. अंबरनाथ पूर्वेकडून, मुलीची हळद आत्ता, नवरी पाटावर बसलेली. पोरीच्या आजीने धवलारणीचा हट्ट धरलेला, पण गावोगाव विचारूनही कुणी मिळाली नव्हती.

धवलारीणबाईंनी माझ्या हातातून रिसीव्हरच घेतला. नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, कुळदैवत, सगळं खणखणीत आवाजात विचारून घेतलं. मग पिशवीतले तांदूळ आमच्या टेबलावर मांडले, वर सुपारी ठेवली. पलीकडे डीजेवाल्याने आमचं स्टेशन त्याच्या मोठ्या स्पीकरवर लावलं. त्याबरोबर फोनमधून अशी शिट्टी फुटली की कानठळ्या बसल्या. साउंडवाल्यांनी झटकन फोन तोडला. म्हणजे आता मांडवात काय चाललंय ते आम्हाला कळणार नव्हतं. त्यांना मात्र आम्ही ऐकू जाणार.

आणि त्या गायल्या. डोळे मिटून, एका लयीत, घाई नाही. गावदेवाला बोलावलं, पाण्याला बोलावलं, मग नवरीचं नाव आलं आणि मला चक्क रडू फुटलं. साडेपाच वाजले. बाई आत आल्या, हातात पाण्याच्या सूचनेचा कागद. मी हात जोडले. धवला अर्धा सोडत नाहीत, एवढं तोवर मलाही कळलं होतं. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पाच चाळीसला गाणं संपलं आणि तेवढ्यात फोन. मागे वाजंत्री, आणि नवरीची आई हसतेय की रडतेय कळेना. "लागली हो, माझ्या पोरीला हळद लागली! सासू नाचतेय माझी!" धवलारीणबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "आता च्या पाज."

मी सूचनेच्या कागदाला हात घातला. बाईंनी तो मागे ओढला, माझ्यासमोरचा माइक आपल्याकडे वळवला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पाण्याची सूचना वाचली. दोनदा अडखळल्या. लाल दिवा विझल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाण्याचं आता मी बघते. तू नवऱ्या शोध."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भाजीला गेले. पाण्याविषयी विचारेल म्हणून उत्तर तयार होतं. भाजीवालीने कोथिंबीर पिशवीत टाकली, वर दोन मिरच्या टाकल्या आणि म्हणाली, "ताई, पुढच्या महिन्यात माझ्या पोरीचं लगीन हाय. किती वाजता लावू रेडिओ?"