बेंबी बघ बघू

"बेंबी कुठाय तुझी? बघ बघू!"

तापलेलं कुठलंही पोर समोर आलं की डॉक्टरबाई आधी हेच म्हणायच्या. पोर मान वाकवून बेंबी शोधायचं आणि बाईंचा जीव भांड्यात पडायचा. मान वाकलीच नाही, तर मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते.

नाहूरला बाईंचा आणि माझा दवाखाना समोरासमोर. माझी पदवी मोठी, एसी नवा, खुर्च्या गुबगुबीत. रांग मात्र त्यांच्याकडे. तुम्ही म्हणाल, डॉक्टरने असं जळू नये. तुम्ही रिकाम्या दवाखान्यात पेपर वाचत बसून बघा, मग बोलू.

"ताप डोक्यात गेला," असं कुणी म्हटलं की बाई फटकारायच्या, "ताप नाही गं जात, जंतू जातात! कधी डास चावून, कधी गालगुंडानंतर, कधी वाहत्या कानातून." हे मीही सांगायचो. माझं ऐकताना लोक मोबाईल बघायचे.

एकदा एक मालवणी आजी तापाने फणफणलेल्या नातीला घेऊन माझ्याकडे आली. पोरीची मान लाकडासारखी ताठ. "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये न्या," मी म्हटलं. आजी उठली आणि थेट समोर गेली. मी मागे धावलो. उशीर झाला तर पोर हातची जाणार होती, आणि बाईंना विचारल्याशिवाय आजी हलणार नव्हती.

"समोरचो डॉक्टर हॉस्पिटलात न्हेऊक सांगता. न्हेव काय?"

बाईंनी मान पाहिली, मग पोरीचा कान हुंगला. "कान वाहत होता ना? लसणीचं तेल घातलंत?"

"कोमट करून घातलंय."

"अहो, वाहत्या कानात तेल घालतात का? पू आत मेंदूपर्यंत पोचलाय. डॉक्टर बरोबर सांगतायत. निघा आधी!" आणि स्वतःच रस्त्यावर जाऊन त्यांनी रिक्षा अडवली.

पोरगी वाचली. पेढे कुणाला? समोर. बाईंनी अर्धा बॉक्स माझ्याकडे पाठवला. निरोप होता, "आधी तुम्ही ओळखलंत." मला त्या मोठेपणाचाही हेवा वाटला. पेढे मात्र खाल्ले.

गेल्या वर्षी बाई वारल्या. रांग माझ्याकडे आली. इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं.

परवा त्यांची एक जुनी पेशंट, तापलेली चिमुरडी, माझ्या टेबलावर बसली. मी तोंड उघडायच्या आत तिने मान वाकवली आणि फ्रॉकवरूनच बेंबीवर बोट ठेवलं.

"बघितली," ती म्हणाली. "आता बाईंना बोलवा ना."