पंप कोण मारणार?

गल्लीत तिला टाचणी म्हणत. शिवणकाम करते म्हणून नव्हे, तोंडाला लागलं की टोचते म्हणून. राग तिच्या नाकावरच बसलेला असायचा; पण तो तिथे बसवला कोणी, हे कुणी विचारत नसे. बसवला होता तिच्या नवऱ्याने आणि त्याच्या जुन्या डिझेल गाडीने.

नवरा त्या गाडीतून भाडी मारायचा, आणि गल्ली त्याला साहेब म्हणायची. रोज सकाळी साहेब भांग पाडायचे, इस्त्रीचा शर्ट चढवून स्टिअरिंगवर बसायचे आणि हॉर्न वाजवायचे. मग टाचणीने हातातलं काम टाकून धावायचं, बॉनेट उघडायचं, फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. रात्रीतून पाइपात शिरलेली हवा फसफसत बाहेर पडायची, मग नुसतं डिझेल यायचं, मग स्क्रू आवळायचा.

"मारला का?" आतून विचारणा.

"मारला!"

चावी फिरायची, गाडी धूर ओकत निघून जायची आणि ही फाटकाशी उभी, मनगटापर्यंत डिझेलने माखलेली.

"अहो, कुठून तरी हवा जातेय आत. फिटरला दाखवा."

"खाली एक थेंब तरी सांडलाय का? मग गळती कुठली? मला गाडी शिकवू नकोस. जुनी आहे, तिच्या सवयी आहेत."

तिच्या सवयी! सवयी कुणाच्या होत्या ते टाचणीला पक्कं ठाऊक होतं. पण सांगून उपयोग काय, पालथ्या घड्यावर पाणी.

आता मात्र गळ्याशी आलं होतं. ती ज्या दुकानात शिवायची तिथे दवाखान्यांचे पांढरे कोट शिवले जात. एक गठ्ठा डिझेलचा वास येतो म्हणून परत आला. मालकिणीने टाचणीचे हात हुंगले आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पुन्हा असा वास आला, तर तुझ्या मशीनवर दुसरी बसेल." कुणाचं एक न ऐकणारी टाचणी मान खाली घालून उभी राहिली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती मालकिणीवरची नव्हती.

घरी जाताना ती गल्लीच्या टोकाला फिटरकडे थांबली.

"वहिनी, इंजिन डिझेल ओढून घेतं," फिटर म्हणाला. "पाइपाला चीर पडली की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फिल्टरच्या अलीकडे हा पारदर्शक नळीचा तुकडा जोडून पंप मारायचा. बुडबुडे दिसले तर दोष टाकीच्या बाजूला. मी येतो की, पण साहेब गाडीला माझा हात लावू देतील का?"

"माझा लागतो ना रोज," टाचणी म्हणाली. नळी, नवा रबरी पाइप आणि क्लिपा घेऊन ती निघाली.

सुट्टीच्या दुपारी साहेब घोरत पडले. टाचणीने हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, नळी जोडली, पंप मारला. बुडबुड्यांची रांगच रांग! ती पाइप चाचपत टाकीच्या दिशेने गेली. लोखंडी पाइपाला रबरी पाइप जोडला होता, तिथे सगळं दिसायला ठणठणीत. पण शिवण काय सपाट ठेवून तपासतात? ताणून तपासतात. तिने रबर वाकवलं, तशी क्लिपेच्या कडेला चीर उघडली. एवढीशी! या एवढ्याशा चिरेपायी तिची भाकरी जायची वेळ आली होती. संतापाने तिने तो पाइप असा ओढला की कोपर मागच्या भिंतीवर आपटलं. नवा बसवला, क्लिपा आवळल्या, पंप मारला. बुडबुडा औषधालाही नाही. मग नळीचा तुकडा काढून जोडणी पहिल्यासारखी केली, शेवटची हवा काढली, आणि ठरवलं, सांगायचं नाही. बघू कळतं का.

सकाळी हॉर्न वाजला. ती गेली, बॉनेट उघडलं आणि त्याच्या आड हाताची घडी घालून उभी राहिली.

"मारला का?"

"मारला!"

गाडी एका दमात सुरू झाली. "बघ," साहेब खिडकीतून म्हणाले, "गाडीला काही झालेलं नाही. तुझाही हात बसलाय आता."

हात बसलाय! दिवसभर ते शब्द डोक्यात टोचत राहिले. दुकानात मालकीण येऊन तिचे हात हुंगून पुढच्या मशीनकडे वळली. मशीन वाचलं. राग मात्र दुप्पट झाला, कारण आता तिला नीट दिसलं होतं, हा माणूस आधी चावी फिरवून बघतच नाही. हॉर्न आधी, चावी नंतर.

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला तेव्हा टाचणी पायरीवर बसून चहा पीत होती. पुन्हा वाजला, लांबलचक. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "अहो, बोलावतायत तुम्हाला!"

"ऐकू येतंय."

"अगं, बहिरी झालीस का? पंप!" साहेब गाडीतून ओरडले.

"तुम्हीच मारा."

गाडीचं दार धाडकन आपटलं. साहेबांना स्क्रू सापडेना. सापडला तो त्यांनी नको इतका सैल केला, जोरजोरात पंप दाबला, आणि डिझेलची चिळकांडी थेट इस्त्रीच्या शर्टावर उडाली. त्यात हवेचा एक बुडबुडा नव्हता, पण बघतंय कोण? टाचणीने चहाचा घोट घेतला. नुसती चावी फिरवली असती तर एव्हाना कोपरा ओलांडला असता.

निथळते हात अंगापासून लांब धरून साहेब पायरीशी आले. "साबण कुठे असतो आपल्याकडे?"

इतकी वर्षं याच घरात, याच मोरीत अंघोळ करून!

"माझे हात रोज धुतले जायचे तिथेच," टाचणी म्हणाली, कप खाली ठेवला आणि पिशवी घेऊन कामाला निघाली.